लवूभावजींचं पान

नवघरच्या वाण्याने सुट्ट्या पैशांत दोन रुपयांचं नवं नाणं दिलं आणि त्यावर नेताजींना बघून मंदाबाई दुकानातच हरखल्या. घरातल्या हट्टी म्हाताऱ्या नवऱ्याला आता हे नाणंच वठणीवर आणणार होतं.

लवू हे त्यांचे थोरले दीर. मंदाबाई नवी नवरी असताना त्यांना साप चावला, तेव्हा भर पुरात पाठुंगळी घेऊन त्यांना नदीपार वैद्याकडे नेलं ते लवूभावजींनी. पुढे ते पलटणीबरोबर सिंगापूरला गेले, कैद झाले, आझाद हिंद सेनेत शिरले आणि परत आलेच नाहीत. मंदाबाईंचे यजमान दशरथ मात्र ब्रह्मदेशाच्या सीमेवर गोऱ्या सरकारकडून लढले. “खाल्ल्या मिठाला जागला न्हाय, त्याला पान न्हाय,” असं म्हणून सर्वपित्री अमावास्येला ते सगळ्या पितरांची पानं वाढायला लावत, लवूचं सोडून. ज्यांच्यामुळे आपण जिवंत, त्यांनाच उपाशी ठेवायचं, हे मंदाबाईंना दरवर्षी टोचे.

त्यांनी नाणं नवऱ्याच्या हातावर ठेवलं. “बघा, सरकारनेच नेताजींना नाण्यावर बसवलंय. तुम्ही काय सरकारपेक्षा शहाणे?”

एरवी दशरथ खेकसले असते. आज नुसतं नाणं उलटंपालटं करत राहिले.

“मिठाचं निमित्त गो,” ते शेवटी म्हणाले. “इंफाळला समोरच्या डोंगरावर नेताजींचीच माणसं होती. मी गोळ्या झाडल्या, मंदे. त्यात दादा असला तर? कुठल्या तोंडानं त्याला जेवायला बोलवू?”

इतक्या वर्षांचा राग मंदाबाईंच्या मनातून उतरला. बिचारा हे एकटाच वाहत होता.

सर्वपित्रीला लवूभावजींच्या आवडीची काळ्या वाटाण्याची आमटी झाली. गच्चीत बाकीच्या पानांवर कावळे तुटून पडले, पण भावजींच्या पानाकडे एकही फिरकेना. दशरथ उन्हात तसेच उभे.

“अहो, बोला त्यांच्याशी.”

म्हाताऱ्याने हात जोडले. “दादा, हिला तू जगवलंस, म्हणून माझा संसार झाला. तुझे उपकार हायेत. कधी बोललो न्हाय. माझ्या हातून काय झालं असलं तर पोटात घाल, नि जेव.”

कठड्यावरचा कावळा उतरला आणि त्याने थेट आमटीतच चोच बुडवली. दशरथ पोरासारखे रडले.

“सावकाश जेवा, भावजी,” मंदाबाई म्हणाल्या, आणि आणखी एक पळी आमटी आणायला जिना उतरल्या.