वहिनीचं चौथं प्रकरण

आमचा दादा म्हणजे अर्ध्या हळकुंडाने पिवळा. त्या दुपारी वहिनीचा फोन आला तेव्हा ती रडत नव्हती, 'लगेच ये' एवढंच म्हणाली. मला त्याचीच भीती वाटली. ऑफिसमधून तशीच उठले.

तिच्या प्रबंधाचं चौथं प्रकरण संध्याकाळपर्यंत मार्गदर्शक बाईंकडे जायचं होतं. बाईंनी एकदा मुदत वाढवली होती, पुन्हा त्या वाढवणाऱ्यातल्या नव्हेत. प्रबंध गिटमध्ये, म्हणजे फायलींच्या जुन्या आवृत्त्या जपणाऱ्या प्रणालीत ठेव, हा माझाच हट्ट. तिथे फायली आधी स्टेज करायच्या, म्हणजे बाजूला काढायच्या, आणि मग कमिट करून पक्क्या करायच्या. पण मनासारखं झाल्याशिवाय कमिट करायचं नाही, हा वहिनीचा नेम. आज घाईत तिने सगळंच स्टेज केलं, त्यात बाईंवर राग काढलेली खासगी फाईलसुद्धा. ती प्रकरणासोबत बाईंपर्यंत गेली असती तर संपलंच. तेवढी एक स्टेजमधून काढायची होती. मला विचारायचं सोडून तिने नवऱ्याला विचारलं, आणि या उंटावरच्या शहाण्याने रीसेट या आज्ञेपुढे 'हार्ड' जोडलं; त्याने कमिट न केलेलं सगळंच पुसलं जातं. खासगी फाईल गेली आणि चौथं प्रकरणही गेलं.

"मला वाटलं, हार्ड म्हणजे नीट निघेल," मी पोचताच दादा दारातूनच म्हणाला.

"तू कशालाही हात लावू नकोस. चहा कर," मी म्हटलं.

"मला परत नाही लिहिता येणार गं," वहिनी म्हणाली.

मी तिच्यावर ओरडणार होते, सगळं कशाला स्टेज केलंस म्हणून. तेवढ्यात डोक्यात प्रकाश पडला. स्टेज करतानाच गिट आपल्याकडे एक प्रत ठेवतं. तिने घाई केली नसती तर मीही हात टेकले असते.

अशा बेवारस प्रती शोधल्या. त्या नावांशिवाय येतात, एकेक उघडून बघावी लागते. संदर्भसूची निघाली. खासगी फाईल निघाली, दोन ओळी वाचल्या आणि पटल्या. मग एक लांबलचक मजकूर आला. मी स्क्रीन वहिनीकडे वळवली.

तिने दोन वाक्यं वाचली. तिसरं डोळे मिटून म्हटलं.

"हेच."

जिवात जीव आला. मग तिला रडू फुटलं, आणि खरं सांगते, मलाही. दादा चहा घेऊन आला, आम्हाला रडताना बघून त्याला वाटलं सगळं बुडालं, आणि तो मटकन खाली बसला.

"अरे, सापडलं," वहिनी म्हणाली. दुपारपासून ती त्याच्याशी पहिल्यांदाच बोलत होती.