आत दाबलेलं कापड

शिवणकाकूंची जीभ त्यांच्या कात्रीपेक्षा धारदार आहे असं सगळी गल्ली म्हणायची, आणि काकूंना ते ऐकून बरंच वाटायचं. माप देताना एखादीनं पोट आत ओढून धरलं की त्या टेप तशीच धरून म्हणत, "सोडा श्वास. कपडा तुमच्या अंगाला शिवायचाय, तुमच्या आशेला नाही." अशी ही बाई कुणाला हार जाणारी नव्हती. एकाच गिऱ्हाइकापुढे त्यांच्या तोंडाला कुलूप लागायचं. ती म्हणजे समोरची हॉस्टेलवाली.

समोरच्या दुमजली घराला ती हॉस्टेल म्हणायची, नोकरी करणाऱ्या मुलींचं. त्या मुलींना नोकरीला जाताना कुणी कधी पाहिलं नव्हतं. दुपारपासून जिना चढणारे पुरुष मात्र सगळ्यांनी पाहिले होते. गल्लीनं यावर सोयीचा तोडगा काढला होता : सज्ञान बायका आहेत, त्यांचं त्या बघतील. वाणी हेच म्हणायचा, इस्त्रीवाला हेच म्हणायचा, आणि काकूही हेच म्हणायच्या. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. ही मूठ कुणाच्या गळ्याभोवती आवळलीय ते बघायची तसदी कुणी घेतली नव्हती.

मग एका सोमवारी भर दुपारी एका संस्थेतली बाई पोलिसांना घेऊन आली आणि वरून चार मुली खाली उतरवल्या. तिघींनी सगळं सांगून टाकलं. चौथी सगळ्यात बारकी, तिला तिथं छोटी म्हणत. ती पढवलेल्या पोपटासारखी एकच बोलत राहिली, "मी एकोणीस वर्षांची आहे. माझ्या मर्जीनं राहते." तिच्या ओळखपत्रावरही एकोणीसच होतं. डॉक्टरांनी हाडांचे फोटो काढले, तर अहवाल आला, सतरा ते एकोणीसच्या दरम्यान; अंदाजच तो, दोनेक वर्षं चुकू शकणारा. हॉस्टेलवाली दोन दिवसांत जामिनावर सुटली आणि तिची बहीण "मी छोटीची सख्खी मावशी" म्हणत कागद घेऊन उभी राहिली. मुलगी सज्ञान ठरली तर तिला आश्रयघरात अडवून ठेवता येणार नव्हतं. शुक्रवारी अकराला मॅजिस्ट्रेटपुढे निकाल होता.

गुरुवारी सकाळी संस्थेतली बाई काकूंच्या दुकानात आली. डोळे तारवटलेले, चपलेचा अंगठा तुटलेला.

"उद्या ती त्या मावशीबरोबर गेली, तर संध्याकाळपर्यंत दुसऱ्या कुठल्यातरी गावात विकलेली असेल," ती म्हणाली. "शाळेचा दाखला नाही, जन्माची नोंद नाही. ती लहान आहे हे दाखवणारं काहीतरी हवंय मला. तुम्ही शिवायचात ना तिचे कपडे?"

"शिवायचे. पण मी काय सांगणार? मी आपली शिवणबाई."

बाईनं जाताना फोन नंबर लिहून ठेवला, बस्स.

ती गेल्यावर काकूंनी मापांची वही काढली. त्यांची एक सवय होती, लांब झग्याचं माप घेताना गिऱ्हाइकाला भिंतीशी उभं करून पूर्ण उंची लिहायची, शेजारी तारीख. छोटीची पानं दोन होती. पहिल्यावर चार फूट आठ इंच. दहा महिन्यांनी तोच निळा झगा लांब करायला आणला, तेव्हा चार फूट साडेदहा.

ते दुसरं माप काकूंना चांगलं आठवत होतं. हॉस्टेलवाली दारात फोनवर बोलत होती. काकू गुडघ्यावर बसून खालचा काठ बघत होत्या, ओठांत टाचण्या. तेवढ्यात वरून हलकेच आवाज आला, "काकू, तुमच्या दुकानाला मागून दार आहे?"

"नाही गं. मागे भिंत आहे."

खोटं काहीच नव्हतं त्यात, मागे भिंतच होती. तेवढं बोलून काकूंनी पुढची टाचणी लावली होती. त्यानंतर दोन महिने त्यांनी कितीतरी झगे शिवले आणि कितीतरी जणींना टोमणे मारले. आता मात्र वही मांडीवर घेऊन त्या बसल्या तेव्हा त्यांना स्वतःची किळस आली. दुपारी त्यांनी नंबर फिरवला.

शुक्रवारी मॅजिस्ट्रेटच्या खोलीत पंखा होता, पण तो फक्त मॅजिस्ट्रेट बाईंच्या डोक्यावर. छोटी एका खुर्चीत, तिच्यामागे संस्थेतली बाई. पलीकडे मावशी, आणि तिचा वकील. वकिलानं वही दोन बोटांत धरून उलटसुलट केली.

"शिवणाची टेप ती, इकडेतिकडे होणारच," तो म्हणाला.

"माझी नाही होत," काकू म्हणाल्या. "तुमचा कोट शिवला त्याची झाली असेल. डावा खांदा उतरलाय."

कारकून हसला. मॅजिस्ट्रेट बाई हसल्या नाहीत. "वही कालही लिहिता येते, बाई. यावर मी मुलीचं वय कसं ठरवू?"

छोटीनं मान वर न करताच पुन्हा म्हटलं, "मी एकोणीस वर्षांची आहे."

काकू उठल्या. मुलीच्या अंगावर तोच निळा झगा होता. सोमवारी नेसत्या कपड्यांनिशी निघाली होती आणि आज हट्टानं तोच घालून आली होती. परवानगी घेऊन काकू तिच्यापुढे गुडघ्यावर बसल्या आणि त्यांनी झग्याचा काठ उजेडात धरला. उन्हात वाळून वाळून सगळा झगा विटला होता, खाली मात्र अडीच इंचाची गडद निळी पट्टी होती, आणि पट्टीच्या वर जुन्या घडीची रेघ.

"ही पट्टी दहा महिने आत दुमडलेली होती, म्हणून विटली नाही. दोन महिन्यांपूर्वी मी उसवून सोडली. मुलगी वाढली म्हणून सोडली. एकोणिसाव्या वर्षी कुणी अडीच इंच वाढतं का, बाईसाहेब?"

मॅजिस्ट्रेट बाई खुर्चीतून उठून बघायला आल्या. "एवढं कापड आत सगळ्यांच्याच कपड्यांना ठेवता?"

"नाही. मोठ्या बायकांना अर्धा इंच. एवढं फक्त लहान मुलांना, वाढत्या अंगाला."

"मग हिला का ठेवलंत? तुम्हाला तर एकोणीस सांगितलं होतं."

काकूंना कळलं की आता माघार घेतली तर वही आणि झगा दोन्ही पाण्यात. खरं बोललं तर स्वतःची अब्रू वेशीवर. पुष्कळदा माणूस अशा वेळी खोकतो, पाणी मागतो. काकूंनी पाणी मागितलं नाही.

"कारण ती लहान होती. पहिल्याच दिवशी माप घेताना कळलं. खांदे, मनगटं, सगळं पोराचं. तेरा, फार तर चौदा. मला माहीत होतं."

"आणि तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत?"

"नाही."

मॅजिस्ट्रेट बाईंनी ते जसंच्या तसं लिहून घ्यायला लावलं. मग आदेश दिला : वयाचा सोक्षमोक्ष लागेपर्यंत मुलगी अल्पवयीनच धरायची, मावशीच्या ताब्यात द्यायची नाही, आणि मावशीचे कागद पोलिसांनी तपासायचे. मावशी दाराकडे सरकली. शिपायानं दार अडवलं. ते पाहिल्यावर छोटी पहिल्यांदा वेगळं काही बोलली, "माझ्या बहिणीला आणतील ते. मी खरं सांगितलं तर तिला आणू म्हणालेत." संस्थेतली बाई तिच्याजवळ वाकली. बाकी तिघींनी पत्ता दिला होता; संस्थेची माणसं बहिणीकडे काल रात्रीच पोचली होती, ती सुखरूप होती.

बाहेर बाकावर छोटी रडून रडून थकून बसली होती. काकू तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"चुकलं माझं," एवढंच म्हणाल्या.

छोटी त्यांच्याकडे बघत राहिली. राग नव्हता तिच्या तोंडावर, नुसता अचंबा.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो गं."

"त्या वाण्याला पण?"

काकूंनी मान हलवून हो म्हटलं.

"मला वाटायचं, कुणाला कळतच नाहीये," छोटी म्हणाली. "कळलं की लगेच येतील."