बोट वर, बोट खाली

१०
"चारी सेल बदलले, आबा. आनि तो टिकलीएवढा बारका पन," रंजिता म्हणाली. "उतरले व्हते ना!"

हिरामणने यंत्राकडे पाहिलं. कोऱ्या पडद्यावर एकच रेघ लुकलुकत होती.

"दोनी एकदम काडलेस?"

"का? नाय काडायचे?"

मोठे सेल काढताना बारका आत ठेवायचा असतो. नाहीतर यंत्र सगळं विसरतं. हे त्याने सुनेला कधी सांगितलंच नव्हतं.

२०
यंत्र म्हणजे पस्तीस वर्षांपूर्वीचा, तळहातावर मावणारा कॉम्प्युटर. विजेचे मीटर वाचत दारोदार फिरणाऱ्या हिरामणने तो भंगारातून उचलला होता. एक आकडा सुराचा, एक लांबीचा. त्यातून त्याने बेडूक ओरडवले, कुकरच्या शिट्ट्या काढल्या, गावच्या नाटकात बोटीचा भोंगा वाजवला. प्रोग्रामच्या ओळींना दहा, वीस, तीस असे नंबर द्यायचा. मधे जागा ठेवायची, राहिलेलं घालायला.

२५
राहिलेलं हे: त्याची बायको गोजरा म्हणजे घणसोलीची धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात धवल्याची गाणी म्हणणारी. तीन वर्षांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी हिरामणने गाणं भरून घ्यायला फोन पुढे धरला, तर म्हणाली, "ह्यो घोगरा आवाज नको ठेवू." म्हणून नुसती चाल यंत्रात उतरवली. आज संध्याकाळी नातीची, उन्नतीची हळद. तीच चाल माईकवर लावायची होती.

३०
गोजरा शेजारी येऊन बसली. हिरामणने अंदाजाने एक सूर वाजवला. तिने बोट वर केलं. त्याने आकडा वाढवला. बोट आणखी वर.

"आगो, एवडा वर व्हता?"

तिने कपाळावर हात मारून घेतला.

पुढचा सूर. बोट खाली.

४०
पुन्हा ओळ तीसवर जा. दुपारभर.

५०
मांडवात यंत्र माईकला लावलं. बारीक, किणकिणता आवाज.

"आबा, डास पालला काय?" कोणीतरी ओरडलं. हशा झाला. हिरामणने यंत्र हलवलं नाही.

मग मागच्या एका म्हातारीने चाल ओळखली आणि शब्द धरले. दुसरीने साथ दिली. बघता बघता सगळा घोळका गाऊ लागला.

"सुटले गो बाय," रंजिता पुटपुटली आणि हळदीची वाटी उचलून उन्नतीकडे गेली.

६०
हिरामणने यंत्र हळूच बंद केलं. कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

दुसऱ्या कडव्याला बायका जरा खाली घसरल्या. खुर्चीत बसलेल्या गोजराने बोट वर केलं.

बायका वर चढल्या.