कपाटाखालचा आकडा

मित्रांनो, मी एक जुना फासा आहे. ठिपक्यांचा रंग उडालेला, कोपरे झिजलेले. या घरातल्या तीन भावंडांनी मला वर्षानुवर्षे सापशिडीच्या पटावर आपटले. सहा पडला की मुके, एक पडला की शिव्या. दोन्ही फुकट! मला मन नाही. हाताचा झटका, टेबलाचा उतार, यांवर माझे पडणे ठरते. तुम्हाला ते मोजता येत नाही, म्हणून तुम्ही त्याला नशीब म्हणता.

भावंडे मोठी झाली आणि मी खणात विसरला गेलो. एका दुपारी मला अचानक बाहेर काढले. धाकट्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. दादाची जुळत होती, ताईचीही. डॉक्टर म्हणाले होते, कुणीही एकाने द्या, पण लवकर ठरवा. दादा गोण्या उचलून पोट भरणारा. ताईच्या पदरात लहान मूल. "तू दे" म्हणायची छाती एकाचीही नव्हती. म्हणून मी!

"लहान आकडा पडेल त्यानं द्यायची," दादा म्हणाला.

"आणि एकदाच टाकायचं. लहानपणीसारखं सहा येईपर्यंत नाही हं," ताई म्हणाली. कुणी हसले नाही.

दादाने टाकले. पाच. त्याच्या बायकोने, वहिनीने, सोडलेला श्वास मलासुद्धा ऐकू आला. ताईचा हात घामाने भिजला होता. मी तिच्या बोटांतून निसटलो, तो थेट कपाटाखाली.

"थांबा, टॉर्च आणते," वहिनी म्हणाली.

"नको आणूस." धाकटा भिंत धरून दारात उभा होता. "हरलेल्या माणसाची किडनी घेऊन मी जगू कसा? द्यायची असेल तर द्या. नसेल तर तोंडावर सांगा."

ताई वाकून कपाटाखाली बघू लागली. दादाने दंड धरून तिला उठवले. "राहू दे. मी देतो."

"अरे, आकडा तर बघ! सुटला असशील!" ताई म्हणाली.

"सहा असला तर मी हरलो, कमी असला तर सुटलो. मला दोन्ही नको. मला द्यायचीय."

"मला विचारलंत?" वहिनी ओरडली.

"चल दवाखान्यात. वाटेत भांड."

ती रडत रडत चपला शोधू लागली.

दादालाही कुणी ढकलले असेल. रक्ताने, आईच्या वळणाने, धाकट्याच्या त्या बोलण्याने. शहाण्यांनी त्यावर खुशाल डोकी फोडावीत. मी जन्मभर पडत आलो आहे, पडणे मी ओळखतो. दादा पडला नव्हता.

मित्रांनो, झाडताना सापडलो तर मला उचला, पुसा, माझ्याशी खेळा. पण "मी देतो" म्हणायची वेळ आली, तर मला शोधू नका.