घोड्यावरची परीक्षा

"साहेब, लगाम सैल सोडा. तुमचं भ्या जनावराला कळतंय," हवालदार लिंबाजी घोडीची मान थोपटत म्हणाला.

गोपाळकृष्णानं मान हलवली, पण मूठ काही सैल होईना. धाराशिवच्या पोलीस मैदानावर समोर कमरेएवढा आडवा बांबू बांधला होता. तो ओलांडला तर नोकरी, नाहीतर नेमणूक रद्द.

दिल्लीच्या अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणशाळेत कायद्यात तो पहिला आला होता. घोड्यावर मात्र दोनदा नापास. इंग्रज गेले, तरी त्यांचा घोडा नियमात तसाच उभा होता. संचालकांनी त्याच्यासाठी रदबदली केली, पण हात टेकले. "शाळा मी चालवतो, पण कुणाला ठेवायचं नि कुणाला काढायचं, ते नियामक मंडळ ठरवतं," ते म्हणाले होते. मंडळातल्या थोरामोठ्यांनी एवढीच मेहेरबानी केली : अखेरची परीक्षा त्याच्या जिल्ह्यात, कलेक्टरांसमक्ष.

मैदानाच्या कडेला त्याचे वडील, तुळजापूरचे मार्तंड मास्तर उभे होते. त्यांचा धाकटा मुलगा दसऱ्याच्या गर्दीत उधळलेल्या टांग्याखाली सापडून गेला, तेव्हा त्याचं बोट गोपाळच्या हातात होतं. त्यानंतर त्या घरात कुणी घोड्याचं नाव काढलं नव्हतं.

गोपाळनं टाच मारली. घोडी दौडत गेली आणि बांबूपाशी आल्यावर त्यानं डोळे मिटून लगाम खेचला. घोडी जागीच थबकली.

"आणखी एकदा," कलेक्टर म्हणाले.

या खेपेला घोडी उडाली. तो मात्र मागंच राहिला. खांद्यावर आदळला तेव्हा हाड मोडल्याचा आवाज कडेपर्यंत ऐकू आला.

लिंबाजी धावत आला. पण गोपाळ त्याला बाजूला सारून उठला आणि उजवा हात लोंबत असताना डाव्या हातानं खोगीर धरून वर चढू लागला. पाय रिकिबीत जाईना. घसरला. पुन्हा चढू लागला.

"बसू द्या मला! अजून संपलं नाही!"

कलेक्टर जवळ आले. हलक्या आवाजात म्हणाले, "घोडी बिथरली, असं कळवतो मी मंडळाला. कदाचित आणखी एक संधी देतील."

गोपाळनं घोडीकडं पाहिलं. ती बिचारी मान खाली घालून उभी होती.

"नाही साहेब," तो म्हणाला. "घोडी गुणाची आहे. ती उडाली. मला जमलं नाही."



मार्तंड मास्तर मैदानात आले. त्यांनी मुलाची बोटं एकेक करून खोगिरावरून सोडवली. खांद्यावरचं उपरणं काढून त्याचा हात गळ्यात बांधला. गाठ मारताना त्यांचीच बोटं चुकत होती.

"अण्णा, आता घरी काय सांगायचं?"

"काय सांगायचंय? तू आलास, एवढं बास. आधी दवाखान्यात चल."

दोघं फाटकाशी आले. पहाऱ्यावरच्या शिपायाला आत काय झालं ते ठाऊक नव्हतं. नव्या साहेबांना पाहून त्यानं टाचा जुळवल्या नि कडक सलाम ठोकला.

उत्तर द्यायला गोपाळचा हात मोकळा नव्हता. तो थांबला, त्यानं मान लववली, आणि वडिलांच्या मागोमाग उन्हात बाहेर पडला.