फळ्यामागची पानं

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. वर्गातला नव्हे, ओसरीवरचा. वर्गातल्या फळ्याला गणित येतं, व्याकरण येतं. मला फक्त बातम्या येतात. त्याच्यासमोर मुलं हाताची घडी घालून बसतात. माझ्याकडे चपला काढता काढता बघतात. पहिल्यापहिल्यांदा या गोष्टीचा मला राग यायचा, आता येत नाही. वसमतहून कुरुंद्याकडे जाताना रस्त्याला लागून आमचं छोटं गाव आहे. गावच्या शाळेत शिरलात की डाव्या हाताला मी टांगलेला दिसेन.

शाळेचं सागवानी दार मोडलं तेव्हा त्याच्या फळ्या जोडून गुलाबसिंग मिस्त्रींनी मला घडवलं. मुलांनी जुन्या सेलमधला कोळसा कुटला, पाल्याच्या रसात कालवला आणि माझ्या अंगाला चोळला. मी काळाभोर झालो. पण माझ्या उजव्या कोपऱ्यात लाकडाची एक गाठ आहे. तिच्यावर खडू घसरतो. हेडमास्तरांनी एकदाच लिहून पाहिलं आणि मला ओसरीच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभं केलं. पुढची दोन वर्षं मुलं माझ्याआड लपून डबे खायची. तेवढाच माझा उपयोग.

मग देविदास सर आले. ते इतिहास-नागरिकशास्त्र शिकवायचे आणि त्यांना वक्तृत्व स्पर्धांचं भारी वेड. मुलं पाठ केलेली भाषणं घडाघडा म्हणायची आणि परीक्षकांनी एक साधा प्रश्न विचारला की मुकी व्हायची, हे त्यांच्या जिवाला लागायचं. त्यांनी मला ओल्या फडक्यानं पुसलं आणि खिळे ठोकून टांगलं. खिळे जरा पुढे राहिले, त्यामुळे माझी खालची कड भिंतीला टेकली आणि वर भिंत आणि माझी पाठ यांच्यामध्ये चार बोटं फट राहिली. मित्रांनो, ही फट लक्षात ठेवा.

नऊच्या बसनं वसमतहून शाळेसाठी एक पेपर यायचा. पेपर एक आणि वाचणारे फार. ओढाओढीत एकदा देशाचा अर्थसंकल्प मधोमध फाटला. तेव्हा सरांनी नेम घालून दिला. राज्याचं पान एकाचं, देशाचं दुसऱ्याचं, जगाचं तिसऱ्याचं. ज्यानं त्यानं आपलंच पान वाचायचं, त्यातली एक बातमी माझ्यावर लिहायची आणि खाली एक ओळ लिहायची: काहून? म्हणजे हे का घडलं, ते आपल्या शब्दांत.

सर म्हणायचे, "दुसऱ्याच्या पानात डोकावायचं न्हाई. लिहिणाऱ्यानंच असं लिहावं का बाकीच्यांना पानाची गरजच पडू नये. अन् ज्यानं लिहिलं त्यानंच पुसायचं. दुसऱ्यानं हात लावायचा न्हाई."

या नेमानं माझं नशीब पालटलं. तीन वर्षांत माझ्यावरून निवडणुका गेल्या, सरकारं गेली, न्यायालयांचे निकाल गेले, समुद्रापलीकडचे तह गेले. गावातली म्हातारी माणसं बसची वाट बघताना फाटकातून माझ्याकडे बघू लागली. एकदा एक शेतकरी हळदीचा भाव माझ्यावर शोधत उभा राहिला आणि त्याऐवजी संयुक्त राष्ट्रांविषयी वाचून गेला. मी मनातून फुगलो होतो, हे कबूल करतो.

त्या वर्षी देशाचं पान सपनाकडे होतं. नववीतली मुलगी, शरीरानं किडकिडीत, पण आवाज असा की फाटकाबाहेरची बकरीसुद्धा चरायची थांबावी. तिचे वडील मुंजाजी वसमतच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाली करायचे. माझी पोरगी हिंगोलीला बोलणार हाय, हे त्यांनी सबंध मोंढ्याला सांगून ठेवलं होतं. जिल्ह्याच्या स्पर्धेत आमच्या शाळेचा नंबर कधीच आला नव्हता. या वेळी येईल असं सरांना वाटत होतं, मला वाटत होतं, आणि बोलून दाखवत नसली तरी सपनालाही वाटत होतं. तिथे विषय चिठ्ठी काढून मिळणार होता. दहा मिनिटं विचार, पाच मिनिटं भाषण आणि शेवटी परीक्षकांचा एक प्रश्न.

जगाचं पान राजनंदिनीकडे होतं. सपनाची ती जिवाभावाची मैत्रीण. स्पर्धेच्या आठ दिवस आधी, सोमवारी, तिनं माझ्या उजव्या बाजूला ठळक अक्षरात लिहिलं: युद्ध थांबलं. दोन देशांचा युद्धविराम. त्या देशांची नावं मी सांगत नाही. तुम्ही हे वाचाल तेव्हा कुठले ना कुठले दोन देश भांडतच असतील. खाली तिनं लिहिलं: काहून? दोन्हीकडची माणसं थकली म्हणून.

दुसऱ्या दिवसापासून राजनंदिनी आलीच नाही. त्यांच्या शेतात हळद शिजवायला सुरुवात झाली होती आणि घरातल्या सगळ्यांचे हात तिथे लागत होते. सरांना बारावीच्या परीक्षेचं काम लागलं होतं, तेही आठवडाभर वसमतला. पेपर उतरवून घ्यायला राहिली सपना. ती नऊला पेपर घ्यायची, देशाचं पान स्वतःला ठेवायची आणि जगाचं पान न उघडता घडी घालून माझ्यामागच्या फटीत सरकवायची. राजनंदिनी आली की वाचेल, म्हणून. फार प्रामाणिक पोर. तिनं एकदाही डोकावून पाहिलं नाही.

मित्रांनो, पाठीला लागलेलं पान मला वाचता येतं, शाई अंगाला लागते ना! बुधवारच्या पानावर लिहिलं होतं, युद्धविराम मोडला. गुरुवारच्या पानावर होतं, बाँबहल्ले पुन्हा सुरू. शनिवारी तर एका शाळेचा फोटो होता आणि त्या शाळेला छप्पर नव्हतं. माझ्या तोंडावर मात्र ठळक अक्षरात तेच, युद्ध थांबलं. सपना रोज माझ्यासमोर उभी राहून माझ्यावर लिहिलेल्या तीनही बातम्या मोठ्यानं म्हणायची. मी काय करू शकत होतो? एक खिळा जरी निसटला असता तर पानं खाली पडली असती. पण गुलाबसिंग मिस्त्रींची फळी आणि सरांचे खिळे, दोन्ही पक्के निघाले. त्या आठवड्याइतकं असहाय मला कधी वाटलं नाही.

मंगळवारी ती हिंगोलीला गेली. सर वसमतलाच बसमध्ये चढले. भिंतीवरचा फळा कुठे जाणार? तिथे काय झालं ते मला दुसऱ्या दिवशी कळलं.

बुधवारी सकाळी शाळा उघडायच्या आधीच सपना आली. थेट माझ्यासमोर आली. मग तिनं फटीत हात घातला, सगळी पानं ओढून काढली आणि पायरीवर बसून एकेक वाचू लागली. शनिवारच्या पानाशी ती थांबली. तेवढ्यात राजनंदिनी आली. हळदीनं तिचे हात मनगटापर्यंत पिवळे झाले होते.

"काय झालं गं? नंबर आला का?"

सपनानं नकारार्थी मान हलवली. "चिठ्ठीत 'जग आणि आपण' निघालं. म्या पहिलंच वाक्य बोलले, आज त्या दोन देशांतली लेकरं आठ दिवसांपासून सुखानं झोपून राहिली. लई जोरात बोलले. परीक्षक बाई होत्या, त्यांनी शेवटी इचारलं, बाळा, ही बातमी कधीची? म्या म्हणलं, आमच्या फळ्यावर हाय. सगळा हॉल हसला."

राजनंदिनी खाली बसली. "माझ्यामुळं झालं हे. म्या पुसायला पायजे होतं."

"तुझ्यामुळं न्हाई. पानं म्याच ठेवली की मागं." सपनानं शनिवारचं पान तिच्यापुढे धरलं. "नंबर गेला त्याचं काय न्हाई. पण हे बघ. हे झालं, अन् मी तिथं सांगून राहिले, लेकरं सुखानं झोपली."

आणि मग ती रडली. मीही रडलो असतो, पण लाकडाला ते जमत नाही. सगळा हॉल माझ्या नावावर हसला होता, त्याची मला लाज वाटत होती. पण सपनाला त्या हसण्याचं काहीच वाटत नव्हतं, ते वेगळ्याच गोष्टीसाठी रडणं होतं. ते पाहून मला माझ्या लाजेचीच लाज वाटली.

"मामा काय म्हणले?" राजनंदिनीनं हळूच विचारलं. मुंजाजी एक दिवसाची हमाली बुडवून भाषण ऐकायला गेले होते.

"बसमधून उतरल्यावर म्हणले, तुझा आवाज पार मागल्या खुर्चीपर्यंत येत होता." सपनानं ओढणीनं डोळे पुसले. "आता मी न्हाई बोलणार कुठं."

देविदास सर मागे येऊन उभे होते, ते दोघींना कळलंच नव्हतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "चूक माझी हाय. डोकावू नका म्हणून म्याच सांगितलं. एवढी वर्षं शिकवून राहिलो अन् बातमी शिळी होते, हे ध्यानातच आलं न्हाई. तू पुढं बोल नको बोल, ते तुझ्यावर. पण त्या बाईंनी इचारलेल्या प्रश्नाचं उत्तर बाकी हाय बघ."

परिपाठाला सगळी शाळा ओसरीसमोर उभी राहिली. सपना माझ्या बाजूला येऊन उभी राहिली. तिनं आवाज चढवला नाही, हातवारे केले नाहीत.

"काल हिंगोलीला म्या चुकीचं बोलले," ती म्हणाली. "युद्ध थांबलं होतं, पण दोनच दिवस. पुढली बातमी आपल्याच फळ्यामागं होती अन् ती म्याच ठेवली होती. शनिवारी तिथली एक शाळा पडली. आपल्याएवढीच शाळा हाय."

एवढंच. टाळ्या वाजल्या नाहीत. पाचवीची मुलंसुद्धा चुळबुळ करत नव्हती. देविदास सर नंतर म्हणाले की, त्यांनी ऐकलेलं हे सगळ्यात चांगलं भाषण. माझंही मत तेच आहे, आणि भाषणं मी त्यांच्यापेक्षा कमी ऐकलेली नाहीत.

त्या दिवसापासून नेम बदलला. लिहिलेल्या बातमीपुढे तारीख घालायची, आणि दुसऱ्याचं पान खुशाल उघडून बघायचं. राजनंदिनीनं डस्टर उचललं. लिहिणारी ती, म्हणून पुसायचा मानही तिचा. पण सपनानं तिचा हात धरला.

"हे पुसू नको. ते खरं व्हायचं हाय अजून."

मग राजनंदिनीनं 'दोन देशांचा युद्धविराम' आणि खालची 'काहून'ची ओळ तेवढी पुसली आणि 'युद्ध थांबलं' तसंच ठेवलं. सपनानं खडू घेऊन त्याच्यापुढे 'तारीख' एवढंच लिहिलं. आणि पुढची जागा मोकळी सोडली.

आता सर निवृत्त झालेत. सपना नांदेडला कॉलेजात शिकते, स्पर्धांत बोलते. कधी नंबर येतो, कधी येत नाही. कुणी टाळ्या वाजवल्या तरी ती आधी आपल्या बातमीची तारीख तपासते म्हणे. शाळेत भिंतीवर मोठा पडदा आलाय, मुलांच्या हाती फोन आलेत, आणि बातमी वाचून होईस्तोवर वर सरकून नाहीशी होते. माझ्याकडे चार-दोन मुलंच येतात. माझा रंग उडालाय, कडेला वाळवी लागू पाहतेय. वर्षातून एकदा मला काळा रंग लावतात, तेव्हा मात्र ते दोन शब्द सोडून भोवतीनं कुंचला फिरवतात.

मित्रांनो, मला पावसाच्या ओलीपासून जपा, वाळवीपासून जपा, एवढं मागणं आहेच. पण त्याहून मोठं मागणं वेगळं आहे. माझ्या तोंडावर लिहिलंय म्हणून ते खरं समजू नका. हात घालून माझ्या पाठीमागे काय आहे तेही बघा.

सपना सुट्टीत गावी आली की फाटकातून आधी माझ्या उजव्या कोपऱ्याकडे बघते, मग घराकडे वळते. तारखेची जागा अजून मोकळीच आहे. ती भरायचा दिवस येईल तेव्हा मी असेन किंवा नसेन, पण तुमच्यापैकी कुणाला तो खडू उचलावा लागेलच. ती जागा नेमकी माझ्या गाठीवर आली आहे. खडू तिथे घसरतो, तेव्हा जरा दाबून लिहा.