धुरपताबाईची अंगझडती

२००६ सालच्या डिसेंबरातली गोष्ट. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कापूस संकलन केंद्रापुढची गाड्यांची रांग तीन दिवस हललेली नव्हती. भाव पडलेला, माप बंद. चौथ्या दिवशी सकाळी बायाच रस्त्यावर येऊन बसल्या. बायांच्या बंदोबस्ताला बाई शिपाई हवी, आणि त्या ठाण्यात बाई शिपाई एकच होती. शीला मुनेश्वर. सकाळी आठपासून दुपारी चारपर्यंत ती तिथे उन्हात उभी होती.

चार वाजता ठाण्यात येऊन तिने तोंडावर पाणी मारलं, तोच खेमसिंग हवालदारांनी दोन कागद पुढे सरकवले. ठाण्याचं सगळं लिखाण त्यांच्याकडे असे.

"शीला, इथं अन् इथं सही कर. टाइम मी टाकतो."

तिने सही केली. तीन वर्षांच्या नोकरीत अशा सह्या तिने किती केल्या होत्या, तिलाही आठवत नव्हतं. कोणत्याही बाईला धरून आणलं की कागदावर एका बाईची सही लागे, आणि ती शीलाची असे. त्यात काही वावगं आहे असं ठाण्यात कुणाला वाटत नसे. तिलाही नाही.

मग खिडकीखालच्या बाकावर बसलेली बाई तिला दिसली. पंचेचाळिशीची, हातांना कापसाच्या बोंडांचे ओरखडे. तिने कमरेपाशी लुगडं दोन्ही मुठींत घट्ट आवळून धरलं होतं. शीलाने पाण्याचा गिलास पुढे केला. बाईने तो घेतला नाही. मान वर करून एवढंच विचारलं,

"तू कुठी होती वो बाई दिवसभर?"

शीलाने गिलास बाकावर ठेवला. ती टेबलापाशी गेली आणि आपण सही केलेले कागद तिने वाचले.

बाईचं नाव धुरपताबाई, धंदा मजुरी. घाटंजीच्या बाजारातून येणाऱ्या जीपमधून तिला नाक्यावर उतरवलं. झडती राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यापुढे व्हावी असं म्हणण्याचा तुला हक्क आहे, हे तिला समजावून सांगितलं. तिने नको म्हणून अंगठा दिला. मग अकरा वाजता ठाण्यात महिला शिपाई शीला मुनेश्वर यांनी आडोशाला तिची अंगझडती घेतली. कमरेला फडक्यात बांधलेला अडीच किलो गांजा मिळाला.

अकरा वाजता शीला संकलन केंद्रावर होती.

"खेमसिंगभाऊ, मी तर इथं नव्हतीच."

"मले मालूम नाही का?" ते लिहिता लिहिता म्हणाले. "तू येईपर्यंत थांबलो असतो तर माल राह्यला असता काय?"

ठाणेदार भगवानराव काही दुष्ट माणूस नव्हते. शीलाच्या बाळंतपणात त्यांनी तिला न मागता हलकी ड्यूटी दिली होती. तिने भीत भीत विषय काढला, तेव्हा ते हसले. "अगं, गांजा तर सापडला ना? तुझ्या सहीनं कायद्यातला एक रकाना भरला. एवढंच."

हा रकाना कशासाठी असतो? अंमली पदार्थांचा कायदा फार कडक आहे. गरिबाच्या अंगावर पुडकं मिळालं असं चार माणसांनी म्हटलं की त्याची कित्येक वर्षं तुरुंगात जातात. म्हणूनच त्याच कायद्याने म्हटलं आहे, की अंगाला हात लावण्याआधी माणसाला त्याचा हक्क सांगा, आणि बाईची झडती बाईनेच घ्या. त्या गावात तहसील कचेरी ठाण्यापासून हाकेच्या अंतरावर होती. तहसीलदार हेही दंडाधिकारीच; ते दहा मिनिटांत आले असते.

धुरपताबाई विधवा. तिला जामीनदार मिळाला नाही. आठ महिने झाले तरी ती तुरुंगातच होती. पुढे एका तारखेला तिला कोर्टात आणलं, तेव्हा पहाऱ्याला शीलाच होती. कोर्टामागच्या खोलीत दोघीच बसल्या होत्या.

"मावशी, त्या दिवशी झडती कोणं घेतली?"

धुरपताबाईने तोंड फिरवलं. मग भिंतीकडे बघत बोलली.

"ते पुडकं जीपच्या शिटाखाली होतं. कोनाचं होतं, मले ठावं नाही. म्हने, अंगावर अजून असन. ठाण्यातल्या मांगच्या खोलीत नेलं. चौघं होते. मी पाया पडलो, म्हनलं एखादी बाई बोलवा. लुगडं फेडाले लावलं मले."

"मंग वकिलाले हे काहून नाही सांगतलं?"

"कशी सांगू? लेक दिली हाये दारव्ह्याकडं. तिच्या सासरी समजलं का चार मानसाईनं हिच्या मायच्या अंगाले हात लावला, तर तिले दारात उभी करतीन का ते? जेल पुरते मले." तिने शीलाचा हात धरला. "तूबी नको सांगू, बाई."

त्या दिवसापासून शीलाला अन्न गोड लागेना. खोटं बोललं तर ही बाई कितीतरी वर्षं आत जाणार. खरं बोललं तर नोकरीवर पाणी सोडायचं, आणि ज्या बाईसाठी बोलायचं तीच नको म्हणते. गांजा त्या बाईकडे होता की नव्हता, हेही शीला छातीठोकपणे सांगू शकत नव्हती. कशी सांगणार? ती तिथे नव्हतीच.

साक्षीचं समन्स आलं. भगवानरावांनी सहा ओळी लिहून दिल्या आणि पाठ करायला सांगितल्या. शीलाच्या घरी तिच्याच पगारावर चूल होती. नवरा राजदीप विनाअनुदानित शाळेवर फुकट शिकवत होता.

"पाठ म्हणून मोकळी हो," राजदीप म्हणाला. "आपल्या पोरीकडं पाह्य जरा. तुले सस्पेंड केलं तर काय करशीन?"

तिची आई कौसल्या तूर निवडत बसली होती. "तू घेतली का झडती?" तिने विचारलं.

"नाही."

"मंग इचारतीन तवा काय सांगाचं, हे इतके दिवस कायले घोकून राह्यली?"

राजदीप उठून बाहेर गेला. तो चिडला होता की घाबरला होता, हे शीलाला कळलं नाही. बहुधा दोन्ही.

साक्षीच्या दिवशी सरकारी वकिलांनी कागद दाखवला. "ही सही तुमची?"

"हो, माझीच."

"अकरा वाजता तुम्ही आरोपीची अंगझडती घेतली?"

आरोपीच्या पिंजऱ्यातून धुरपताबाई तिच्याकडे एकटक बघत होती आणि हलकेच मान हलवत होती. नको म्हणून.  सहा ओळी तिला अक्षरशः पाठ होत्या.

"नाही साहेब," ती म्हणाली. "मी तेव्हा संकलन केंद्रावर बंदोबस्तात होते. चार वाजता ठाण्यात आले आणि न वाचता सही केली."

न्यायाधीशांनी लेखणी थांबवली. "मग झडती कोणी घेतली?"

"मी पाहिलं नाही, साहेब. पण त्या दिवशी ठाण्यात दुसरी बाई नव्हती."

यापुढे ती एक शब्द बोलली नाही. बोलायची गरजही उरली नव्हती. धुरपताबाईने पदर तोंडावर ओढून घेतला.

महिन्याभराने धुरपताबाई निर्दोष सुटली. त्याआधीच शीला निलंबित झाली होती. खोट्या कागदावर सही केल्याची चौकशी तिच्या एकटीवर लागली. ज्यांनी कागद लिहिला आणि लिहवला, ते आपापल्या खुर्चीवर होते. कोर्टातली गोष्ट गावोगाव पोचली, आणि धुरपताबाईची लेक उर्वशी सासरहून परत पाठवली गेली.

हे कळल्यावर शीला त्यांच्या घरी गेली. उर्वशीने तिला दारातच अडवलं.

"त्या दिवशी तुम्ही सहीच केली नसती तर?"

शीलाने सबब सांगितली नाही. "तर तुमच्या मायचं वर्ष गेलं नसतं, अन् तुमचं घर मोडलं नसतं," ती म्हणाली. "माह्याच्यानं झालं ते. आता बायाईले गावोगाव सांगत फिरन म्हणतो. झडतीच्या आधी काय मांगाचं, कोणाले बोलवा म्हणाचं. पहिले तुमच्या गावात यावं वाटलं."

आतून धुरपताबाई बाहेर आली. तुरुंगातून ती फार वाळून आली होती. तिने शीलाला या म्हटलं नाही, जा म्हटलं नाही.

"बायाईले बोलाव," ती लेकीला म्हणाली. "कायदा हे बाई सांगन. झालं ते मी सांगतो."

समाजमंदिराच्या ओट्यावर अकरा बाया जमल्या. शीलाने कायदा सांगितला. मग धुरपताबाई उभी राहिली. जीप, नाका, शिटाखालचं पुडकं, इथपर्यंत ती नीट बोलली. मागच्या खोलीच्या दारापर्यंत आली आणि तिचा आवाज बंद पडला. उर्वशीने मान खाली घातली. शीलाला वाटलं, आता एकेक बाई पदर सावरत उठेल.

एक म्हातारी पुढे सरकून बसली.

"सांग, धुरपते," ती म्हणाली. "आमी काही उठून जात नाही."